धार ऐकू येते तिथवर

"भावाचं कडवं मधातच म्हणू नको, पोरी. ते राखून ठेव. धारेचा आवाज सरते ना, तिथं म्हण."

हा आवाज धनीबाईच्या याडीचा, म्हणजे आईचा. याडीला जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिचा चेहराही आता धनीबाईला पुरता आठवत नसे; आठवायची ती तिच्या नाकातली भुरिया आणि हा आवाज. मोहफुलं वेचताना, गोवऱ्या थापताना, दुपारी लेकीचं डोकं मांडीवर घेऊन उवा काढताना याडी तिला ढावलो शिकवायची. लग्न होऊन तांड्यातून निघालेली पोर रडत रडत जे गाते तो ढावलो. रडणं कोणालाही येतं, याडी म्हणायची, सुरात रडणं शिकावं लागतं.

आणि ढावलो म्हणजे नुसते हुंदके नव्हेत. धनीबाईच्या माहेरी तरी तो एक रस्ता होता. बिटरगावच्या पलीकडे, पैनगंगा काळ्या खडकांवरून खाली उडी घेते त्या सहस्रकुंडाच्या अंगाला, सागाच्या रानात तिचा तांडा. पण तांड्यात सहस्रकुंड कोणी म्हणत नसे. सगळे म्हणायचे, धार. श्रावण-भादव्यात धारेचा आवाज असा भरून यायचा की माणसं चुलीपाशीसुद्धा मोठ्याने बोलायची. बाहेरून आलेल्या पाहुण्याला वाटायचं, या तांड्यात भारी भांडणं चालतात. धार ऐकत मूल जन्मायचं, धार ऐकत म्हातारं डोळे मिटायचं.

अशा तांड्यातून पोर निघाली, की वाटेत ओळखीचं जे जे लागेल त्याला ती गाण्याची एकेक ओळ देत जायची. हत्तीगोट्याला एक, नाल्याला एक, जोडमोहाला एक. उसनं आणलेलं परत करावं तशी. मग पुढे कुठेतरी धारेचा आवाज सरायचा. ऐकू येत ऐकू येत एका पावलाला नाहीसा व्हायचा. तिथे माहेर संपलं. पोचवायला आलेले तिथूनच मागे फिरायचे, आणि फिरण्याआधी पोर भावाच्या गळ्यात पडून त्याचं कडवं म्हणायची. त्या कडव्यात एक मागणं असायचं. बहिणीनं तिथे जे मागितलं ते भावानं जन्मभर पाळायचं, अशी त्या तांड्याची रीत. कोणी कालवड मागितली, कोणी दिवाळीचं लुगडं. बहुतेक जणी एकच मागायच्या. श्रावणात तीज बसते, टोपल्यांत गहू उगवतात, पोरी त्यांच्याभोवती नाचतात. तेव्हा मला न्यायला ये.

धनीबाईने ते कडवं म्हटलं नव्हतं.

बहात्तरच्या दुष्काळापाठचा तो उन्हाळा. हत्तीगोट्याला तिने ओळ दिली, नाल्याला दिली, जोडमोहाला दिली. बायका म्हणाल्या, आता भावाचं म्हण. ती बैलावरून उतरून हरिसिंगच्या, आपल्या थोरल्या भावाच्या, गळ्यात पडली. सगळे थांबले. तिच्या तोंडून शब्द निघाला नाही. ती वळली आणि पायीच नवऱ्याकडच्या माणसांमागे चालू लागली.

तांड्याने त्याचा अर्थ लावला. भावाने एवढ्या लांब, पार फुलसावंगीकडे दिली, पोर रुसली. घरचा बैल राहिला नव्हता, मागून आणलेल्या बैलावरून पाठवणी केली, म्हणून रुसली. मग त्याची मस्करीही झाली. संध्याकाळची एसटी आली नाही की तिकडचे लोक अजून म्हणतात, आज धनीबाईचं कडवं झालं.

पण मस्करीपलीकडे एक गोष्ट होती. ज्याला मागितलंच नाही, तो भाऊ न्यायला कसा येणार? बोलावलं नसताना बहिणीच्या दारात उभं राहणं म्हणजे जबरदस्तीचं पाहुणपण. दर श्रावणात धनीबाईच्या सासरच्या तांड्यात कोणाकोणाचे भाऊ यायचे. सायकलवरून यायचे, पुढे मोटरसायकलवरून यायचे. तिच्या दाराशी कोणी आलं नाही. ती माहेरी गेली ती कोणाच्या मरणाला नाहीतर लग्नाला. रांधायला हात लावायची, दोन दिवस राहायची, निघताना भावाच्या पाया पडायची. तो डोक्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचा, सांभाळून जाजो. याच्यापलीकडे दोघांत बोलणं झालं नाही.

आता तिच्या डोईचे केस कापसासारखे झाले होते. कापूस मात्र तसा राहिला नव्हता.

त्या साली फुलसावंगीच्या बाजारात माहेरकडचा एक सोयरा भेटला. सगळ्यांचीच रड होती. बोंडअळीनं काय ठेवलं आणि बाजारभावानं काय ठेवलं, हेच जो तो सांगत होता. तिकडे पऱ्हाटी दोन वेचण्यांतच सरली, सोयरा म्हणाला. तांड्यातली निम्मी घरं ऊसतोडीला गेली. आणि मग सांगितलं, की हरिसिंगनं बैल विकले. त्याचा पोरगा लखीराम हैदराबादेत एका मोठ्या इमारतीचा चौकीदार आहे, तो मायबापाला घेऊन चालला. सोमवारी निघतात. हरिसिंगनं निरोप दिला आहे, एकदा धार पाहून जा.

मला भेटून जा, असं नव्हतं म्हटलेलं.

शनिवारी सकाळी ती एसटीत बसली. ढाणकीला गाडी बदलायची, मग बिटरगाव. अंगावर आरशांचा जुना फेटिया घागरा, हातात पांढऱ्या बांगड्या, मांडीवर कापडी पिशवी. कंडक्टरनं विचारलं, कुठं? ती म्हणाली, धारेले. त्याला काही उमगेना. शेजारच्या माणसाने सहस्रकुंड म्हणून सांगितलं, तेव्हा तो हसला.

"असं म्हना ना, आजी. पिकनिकले चालल्या."

"हो," धनीबाई म्हणाली. "एवढ्या वर्षांची राह्यली होती."

खिडकीबाहेर शेतं मागे पडत होती. लाल पडलेल्या पऱ्हाट्या, फुटायच्या आधीच किडलेली बोंडं, कुठे एखाद्या झाडावर पांढरा बोळा. बाया वेचत होत्या, पण वेचणाऱ्यांची ओळ मधूनमधून तुटलेली. याच वाटेने ती नवरी होऊन आली होती. आता उलटं जाताना गाणंही उलटं आठवत होतं, शेवटच्या टाक्याकडून उसवावं तसं. सुरुवात त्या कडव्यापासून, जे कधी म्हटलंच नाही. मग जोडमोह. मग नाला. मग हत्तीगोटा.

बिटरगावला उतरून ती पुढच्या जीपची वाट न पाहता पायीच निघाली. मागे एकदा मरणाला आली तेव्हा जीपच्या घरघरीत काही ऐकू आलं नव्हतं. आज तिला ते पाऊल हवं होतं, जिथून धार ऐकू येते.

जोडमोह आला. आता तो जोड राहिला नव्हता. रस्ता रुंद करताना एक झाड गेलं, एकच उरलं होतं. तरी ती थांबली. ओठांतल्या ओठांत तिने तेव्हाची ओळ म्हटली.

जोडमोहा रे जोडमोहा, तुह्या सावलीत खेळले,
एक फूल पदरी दे रे, बाकी वीराले ठेवले.

वीरा म्हणजे भाऊ. म्हणून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं, की हवेत काहीतरी आहे. आवाज म्हणावा इतकाही नव्हता. दूर कोणीतरी मोठ्या सुपात धान्य पाखडावं, तसा. तिने दोन पावलं मागे घेतली. गेला. दोन पावलं पुढे टाकली. आला.

पिशवी खाली ठेवून धनीबाई रस्त्याच्या कडेला बसली. माहेर इथपर्यंत आलं होतं. 

तांड्यात पोचली तेव्हा हरिसिंग अंगणात खाटेच्या सुतळ्या सोडत होता. खाट घेऊन जायची नाही, पण सुतळी चांगली आहे, कोणाला तरी होईल, म्हणून. तो वाळला होता. मान पुढे आली होती. तिला पाहून त्याने सुतळी बाजूला ठेवली, आणि ती पाया पडली तेव्हा नेहमीसारखा डोक्यावर हात ठेवला.

भावजय भागीरथा मात्र आतून बोलतच बाहेर आली. तिची जीभ तरुणपणापासून तिखट, आणि म्हातारपणाने तिला आणखी धार चढली होती.

"आली का वो बाई? आम्हाले वाटलं, हेही तुह्या कडव्यासारखंच होते का काय."

"भोजाई, तुही जीभ हैदराबादले नेतं का इथंच ठेवतं?"

"नेतो ना. तिथं तेलुगू लोकायले शिकवतो."

दोघी हसल्या. हरिसिंग हसला नाही. तो पुन्हा सुतळीला लागला होता.

लखीरामनं आत्याला घर दाखवलं, म्हणजे घराचं रिकामं होणं दाखवलं. कोणती भांडी न्यायची, कोणती शेजाऱ्याला द्यायची. गोठ्यात दावणीच्या खुंट्या तशाच होत्या. कोपऱ्यात कवडी कापसाचा लहानसा ढीग पडलेला, किडका, पिवळा, व्यापाऱ्यानं नाकारलेला. भागीरथा म्हणाली, याची एक उशी करतो, तेवढी तरी आपल्या वावराची. लखीराम चांगला पोरगा होता. दोन खोल्या मिळतात, पाणी नळाला येतं, बाबाला काही काम पडणार नाही, गेटवर खुर्ची टाकून बसायचं, असं तो आत्याला पुन्हा पुन्हा सांगत होता. धनीबाईला कळत होतं, की तो तिला नाही, बापाला सांगतो आहे.

सकाळी हरिसिंग म्हणाला, चाल, धार पाहून येऊ. भागीरथाला गुडघ्यांमुळे उतरण झेपत नव्हती. दोघेच निघाले.

तांड्याच्या तोंडाशी, दोन्ही वाटा फुटतात तिथला हत्तीगोटा होता तसाच होता. आडवा बसलेल्या हत्तीएवढा काळा दगड, पाठ घासून घासून गुळगुळीत झालेली. लहानपणी दोघे त्याच्यावरून घसरायचे. हरिसिंगनं जाता जाता त्याच्यावर थाप मारली, घरच्या जनावराला मारावी तशी. मग खडक सुरू झाले, आणि मग एका वळणावर सगळं समोर आलं.

धनीबाईने धार नवऱ्याघरी गेल्यापासून नीट पाहिलीच नव्हती. मरणाला आलेलं माणूस धबधबा पाहायला जात नाही. मनात होती ती लहानपणची, आभाळाएवढी. तिला धास्ती होती, की ती आता लहान दिसेल. सगळंच लहान दिसतं. याडीचं घर दिसलं, जोडमोह दिसला. पण धार लहान झाली नव्हती. काळ्या खडकांच्या रांगेवरून जागोजागी फुटून पाणी खाली पडत होतं. कुठे रुंद, कुठे दोरीएवढं, आणि खाली एकमेकांत मिसळून पांढरं होत होतं. वर तुषारांचा धूर. पायाखालचा दगड थरथरत होता. तिने चप्पल काढली आणि अनवाणी उभी राहिली. तळपायांतून तो आवाज वर चढला. गुडघ्यांत आला, पोटात आला. मला हिने ओळखलं, असं तिला वाटलं.

काठावर थोडी माणसं होती. शहराकडून आलेलं एक कुटुंब फोटो काढत होतं. एका बाईनं लेकराला घट्ट धरलं होतं. महादेवाला नारळ फुटल्याचा आवाज आला आणि विरून गेला.

हरिसिंग एका खडकावर टेकला. इथे मोठ्याने बोलावं लागत होतं, आणि म्हणूनच की काय, घरी जे बोलला नसता ते तो बोलला.

"लखू म्हणते, तिथं आराम आहे. असन. पन धनी, मी रात्री विचार करतो, तिथं मले कोन काय मांगन? इथं मी तांड्याचा नायक, सकाळी उठलं का कोनी म्हने, नायक, बैलजोडी दे. कोनी म्हने, विळा दे, बियानं दे, पोरीच्या लग्नाले दोन दिवस ये. कापूस गेला, त्याचं नाही एवढं. मांगनारे गेले. आता मांगन्यासारखं माह्यापाशी काही राह्यलंच नाही."

 धनीबाईला त्याचे हात आठवले.

ते हात तिने कोणालाच सांगितले नव्हते. त्या उन्हाळ्यात हरिसिंग दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचा. घरात रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी, त्याही मोजून नव्हे, तर एकमेकांच्या तोंडाकडे पाहून खायच्या. घरचा बैल चाऱ्यावाचून बसला तो उठला नाही. तरी भावाने बहिणीचं लग्न केलं, आणि मागून का होईना बैल आणला, कारण धनी बैलाच्या पाठीवरूनच जाईल असं तो याडीला बोलला होता. आणि जोडमोहाच्या पुढे ती त्याच्या गळ्यात पडली, त्याने तिच्या पाठीवर हात ठेवले, तेव्हा ओढणीच्या कापडातून तिला ते लागले. फुटलेले, चिंध्या बांधलेले, सालं निघालेले. कडवं तिच्या ओठांवर होतं. मागणंही होतं, तेच साधं, तीजेला न्यायला ये. पण न्यायला यायचं म्हणजे हात हलवत येता येत नाही. लुगडं लागतं, खाऊ लागतो, चार जणांत बसायला धड सदरा लागतो. मागितलं असतं तर तो आला असता. स्वतःला विकून आला असता, दर वर्षी. ते तिला त्या हातांनी सांगितलं. म्हणून तिने कडवं गिळलं.

तिला वाटलं होतं, पुढच्या वर्षी पाऊस पडेल, मग म्हणू. पण कडवं त्याच जागी, त्याच घडीला म्हणायचं असतं. तो सूर दुसऱ्या वेळी कोणासाठी म्हटला जातो, तर मेलेल्यासाठी. जिवंत भावापुढे तो नुसता गुणगुणायलाही तिची छाती झाली नाही. पाऊस पडला, वर्षं चांगली आली, गेली. दर श्रावणात ती भाकरी थापताना दाराकडे पाहायची. मागितलं नाही हे ठाऊक असून पाहायची. याडी गेली तेव्हा तिच्यासाठी ती धाय मोकलून गायली, आणि शेजारी बसलेल्या भावाला काही म्हणाली नाही.

आपण त्याचं ओझं वाचवलं असं ती इतकी वर्षं समजून होती. आता तो सांगत होता, ओझं नाही हेच त्याचं ओझं आहे.

दुपारच्या गाडीने तिला परतायचं होतं. भागीरथानं भाकरी बांधून दिली, वर लोणच्याची फोड. निघताना ती नणंदेच्या गळ्यात पडून रडली, आणि रडता रडताही म्हणाली, बघा वो बाई, मी तरी सुरात रडतो का. लखीराम मोटरसायकल मागून आणतो म्हणाला. हरिसिंग म्हणाला, नको, मी पायी पोचवतो.

उन्हं कलायला लागली होती. दोघे जुन्या वाटेने निघाले. नाला ओलांडला, त्यात घोट्याएवढं पाणी होतं. धारेचा आवाज पाठीमागे होता, सोबत चालल्यासारखा.  तिला कळत होतं, की वाट संपत आली. तो हैदराबादेत खुर्चीवर बसेल. ती इथे. पुढच्या खेपेला ती त्याच्यासाठी गाईल तेव्हा तो ऐकायला नसेल.

जोडमोह दिसला. एकटा. आवाज आता सुपात पाखडल्याएवढा उरला होता. हरिसिंग थांबला. त्याने डोईचा पटका सोडला, पुन्हा बांधला, आणि तिच्याकडे न पाहता बोलला. बरीच वर्षं जवळ बाळगलेलं काही काढून द्यावं तसं.

"त्या साली धार सुकली होती, धनी. आठवते तुले? खडक नुसते उघडे पडले होते. आवाजच नव्हता. आवाज सरते कुठं हे कोनाले कळन? मी सगळ्यायले तेच सांगतलं. म्हटलं, पोरीले जागा सापडली नाही. रुसली नाही ते."

 तांडा हसायचा तेव्हा हा माणूस तिच्यावर पांघरूण घालत होता, आणि त्याच पांघरुणाखाली स्वतःही निजत होता. ते तसंच ठेवणं सोपं होतं. हो म्हणायचं, जागा सापडली नाही, आणि पाया पडून गाडी धरायची. तो सुखाने गेला असता.

तिने पिशवी मोहाच्या बुंध्याशी ठेवली.

"जागा सापडली होती, भिया," ती म्हणाली. "हेच होये. आवाज नसला तं काय, बायायले जागा पाठ होती. मी रुसलीही नव्हती. तुहे हात लागले मले पाठीले. फुटलेले. मी मांगलं असतं तं तू दिलं असतं. म्हनून नाही मांगलं."

हरिसिंगनं आपले हात पुढे धरून पाहिले, दुसऱ्या कोणाचे असावेत तसे. त्यावर आता घट्टे होते, आणि घट्ट्यांवर सुरकुत्या.

"मले वाटे," तो हळूच म्हणाला, "मी द्यायच्या लायकीचा नाही असं तुले वाटलं. तेवढंच वाटे. बाकी काही नाही."

रस्त्याने एक कापसाची गाडी गेली, अर्धी रिकामी. तिचा आवाज विरला. मग दोघांनी मागे कान दिला. धार होती. अगदी काठावर होती.

"म्हनू का?" धनीबाईने विचारलं. "पन तो सूर आता जित्या मानसापुढं म्हनत नाही."

"मेल्यावर म्हनशीन तं मले ऐकू येईन का? म्हन."

ती दोन पावलं पुढे गेली. आवाज सरला तिथे उभी राहिली. तो तिच्यापाशी आला. तिने त्याच्या गळ्यात हात टाकले. त्याच्या अंगाला पऱ्हाटीचा, धुराचा, सुतळीचा वास होता. तिला आधी सूरच सापडेना. म्हातारा गळा, वर गेला की फाटायचा. मग याडीचा आवाज आला, आणि त्याच्या आधाराने तिचा.

इथं सरला धारंचा सूर, पुढं परका वाहे वारा,
मांगन ते देशीन का रे, याडीच्या पोटच्या वीरा.

हरिसिंगचे हात तिच्या पाठीवर आले. ते रिकामे होते, आणि ती त्यांना आता घाबरत नव्हती. रीतीप्रमाणे भावाने इथे म्हणायचं असतं, मांग. त्याने म्हटलं. घोगऱ्या आवाजात, एकदा नीट उमटलं नाही म्हणून पुन्हा म्हटलं.

"मांग, धनी. मांग."

"लुगडं नको आनू," ती म्हणाली. "खाऊ नको. हैदराबादहून येशीन तं रिकाम्या हातानं ये, मी दारात बसून राहतो. श्रावनात तीजेले मले न्यायले येजो, भिया. दर साली येजो."